कामाच्या ठिकाणचा ‘ताप’ कसा मोजायचा?

“डॉक्टर, रविवारी डोकं दुखत नाही. सोमवारी कामावर गेलं की सुरू होतं.”

तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एका ताईंची ही तक्रार. रक्तदाब थोडा वाढलेला, बाकी तपासण्या ठीक. बोलता बोलता कळलं, त्यांची मातृभाषा तेलुगू. मराठी बोलताना चुकलं की सुपरवायझर नक्कल करतो आणि सगळे हसतात.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एकाच छपराखाली काम करतात. मालकांना विचारलं तर ते म्हणतात, “आमच्याकडे भेदभाव नाही.” ते खोटं बोलत नसतात. पण हे कपाळाला हात लावून ताप सांगण्यासारखं आहे. थर्मामीटर लावायचा तर कामगारांनाच विचारायला हवं.

असं विचारण्याची शास्त्रीय पद्धत आहे. १९९८ साली मिशेल मोर बराक आणि सहकाऱ्यांनी यासाठी १६ विधानांची प्रश्नावली मांडली. संस्था सर्वांशी न्यायाने वागते का, सर्वांना सामावून घेते का आणि वेगळ्या लोकांसोबत काम करताना मला स्वतःला कसं वाटतं, हे तिच्यातून कळतं. आपल्याकडे साधी विधानं ठेवता येतील: ‘माझ्या भाषेची इथे चेष्टा होत नाही.’ ‘तक्रार केली तर मला त्रास होणार नाही.’ प्रत्येकाला १ ते ५ गुण.

माझ्या मते तीन गोष्टी सांभाळायलाच हव्यात.

१. प्रश्न कामगाराच्या भाषेत हवेत. वाचता येत नसेल तर बाहेरच्या माणसाने वाचून दाखवावेत, सुपरवायझरने नव्हे.

२. नाव लिहून घेऊ नये.

३. नुसती सरासरी पाहू नये. ५० पैकी ४० जणांनी ५ आणि १० जणांनी १ गुण दिला, तरी सरासरी ४.२ येते. कागदावर सगळं छान! पण ते दहा जण कोण? सगळे एकाच भाषेचे, की सगळ्या बायका? गटवार पाहिलं तरच आजार दिसतो. मात्र गट इतका लहान नको, की माणूस ओळखू येईल.

२०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. समितीचा फलक भिंतीवर असतोही. पण तिच्याकडे जायला बायकांना सुरक्षित वाटतं का, हे फलक सांगत नाही.

डॉक्टरांनी यात का बोलावं? कारण रोजचा अपमान शरीर विसरत नाही. झोप उडते, डोकं दुखतं, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहत नाही.

तुमचा त्रास सुट्टीच्या दिवशी कमी होत असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि तुम्ही मालक असाल, तर एकदा विचारून पाहा. उत्तर कडू निघालं, तरी उपचार तिथूनच सुरू होतो.