झाडे मोजली, फळे कोण मोजणार?



रावघाटच्या लोहखनिजाच्या खाणीचा विषय निघाला की इथे भिलाईत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एक झाड तोडले तर दहा लावू.’ या वाक्याला माझा ठाम आक्षेप आहे. तो कारखान्याच्या द्वेषातून आलेला नाही. माझ्या घरातल्या दोन पिढ्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पगारावर जगल्या. दल्ली-राजहराच्या जुन्या खाणींतला खनिजसाठा ओसरत चालला आहे आणि 1959 पासून पेटलेल्या भट्ट्यांना लोहखनिज लागणारच, हे मला कळते. त्यासाठीच 2009 मध्ये रावघाटची सुमारे 883 हेक्टर वनजमीन खाणीला द्यायला मंजुरी मिळाली. माझे म्हणणे भरपाईच्या हिशेबाबद्दल आहे.

त्या हिशेबात झाड म्हणजे एक नग. सागाचे रोपही एक आणि जुना उंबरही एकच. पण सागाच्या टणक फळाचा धनेशाला काय उपयोग? सालाचे बी तर पंख लावून वाऱ्यावर निघून जाते. अस्वल, धनेश, हरियल, पहाडी मैना, वटवाघळे यांची पोटे भरतात ती मोह, तेंदू, चार, जांभूळ, बेल आणि वड-पिंपळ-उंबरांवर. त्यातही वड-उंबरांचा आधार मोठा. बाकीची झाडे आपापल्या हंगामात फळतात. वड-उंबरांपैकी कुठले ना कुठले झाड मात्र जंगलात वर्षभर पिकलेले सापडते. इमारती लाकूड म्हणून त्यांना भाव नाही, त्यामुळे लागवडीच्या वेळी त्यांची आठवण कुणाला होत नाही. बोर्निओच्या जंगलात लाकडासाठी फक्त मोठी झाडे निवडून काढली, तेव्हा त्या झाडांच्या अंगावर वाढणारे वडाच्या जातीचे वृक्षही त्यांच्याबरोबर आडवे झाले. वरून पाहिले तर जंगल हिरवेच होते, धनेशांचे खाणे मात्र गेले होते.

धनेशाचीच गोष्ट घ्या. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. अंडी उबवून पिल्ले मोठी होईपर्यंत, दोन-अडीच महिने, नर त्या फटीतून तिला एकेक फळ भरवतो. ढोलीखाली टाकून दिलेल्या बियांचा सडा पडतो आणि पावसाळ्यात तिथेच रोपे वर येतात. जंगलाची लागवड खरी तर हा पक्षी करत असतो, तीही बिनपैशाची. आणि तोडीची वेळ आली की पोकळ, वाळके झाड ‘निरुपयोगी’ म्हणून सर्वांत आधी निघते. तशी ढोली तयार व्हायला कित्येक दशके लागतात. ती कुठल्या रोपवाटिकेत मिळते?

अस्वलाचे तसेच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात, तेव्हा टोपल्या घेतलेल्या बायका आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात. जंगलातला मोह कमी झाला की दोघांची गाठ पडण्याचा धोका वाढतो. कांकेर शहरात अस्वल शिरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. वनखात्याने तिथल्या डोंगरांवर अस्वलांसाठी फळझाडे लावण्याची ‘जामवंत’ योजना आखली होती. म्हणजे फळझाड हाच उपाय आहे, हे खात्याला ठाऊक आहे. मग भरपाईच्या लागवडीत ते का विसरले जाते? एकाच जातीची लागवड कशी दिसते ते पाहायचे तर राजनांदगावकडे पानाबरसला जाऊन वन विकास निगमचे सागवन पाहा. एका वयाची, एका उंचीची झाडे, आणि पाखरांचा आवाज फारच थोडा.

सत्तरच्या दशकात बस्तरचे सालवन तोडून तिथे परदेशी पाइन लावायचा घाट घातला गेला होता. आदिवासींनी तो हाणून पाडला. झाडाच्या बदल्यात कुठलेही झाड चालत नाही, हे त्यांना तेव्हाच समजले होते. हसदेवच्या जंगलात कोळशासाठी हजारो झाडे पडली, तिथेही भरपाईचे उत्तर तेच, आकड्यांचे.

छत्तीसगडचा राज्यपक्षी पहाडी मैना, महाराष्ट्राचा हरियल, आणि महाराष्ट्राचाच राज्यप्राणी शेकरू. तिघेही फळांवर जगणारे. आपण ज्यांना मानाचे स्थान दिले त्यांच्या तोंडचा घास तरी काढून घेऊ नये.

खाणीसाठी तोड करण्याआधी ढोल्या आणि वड-उंबर यांची गावकऱ्यांसोबत मोजणी व्हावी, आणि जिथे जमेल तिथे ती झाडे राखावीत. भरपाईची लागवड स्थानिक फळझाडांची आणि मिश्र असावी, आणि ती लांबच्या जिल्ह्यात न करता त्याच जंगलाला लागून करावी. रोपे जगली की नाही एवढेच न पाहता दहा-पंधरा वर्षांनी ती फळली का, याची तपासणी व्हावी. पोलाद कारखान्याने यात पुढाकार घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भिलाईतल्या मराठी मंडळींनी आणि सगळ्याच निवृत्त कर्मचाऱ्यांनी ही मागणी लेखी स्वरूपात व्यवस्थापनाकडे पाठवावी.

– एक वाचक, भिलाई