बिल्ला कोणाच्या हाती?

सर्व्हर हा जात्याच विसरभोळा. ज्या एचटीटीपीच्या नियमांनी तो बोलतो, त्यांत मागील विनंतीची आठवण ठेवण्याची सोयच नाही. म्हणून १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ची युक्ती योजिली. आता सर्व्हर आपल्या वहीत तुमचे नाव, तुमचा अर्धामुर्धा अर्ज टिपून ठेवतो आणि ब्राउझरच्या हाती केवळ एक लांबलचक क्रमांक देतो. पूर्वी बँकेत पितळी बिल्ला देत, तसा. यासच ‘सेशन’ म्हणतात.

बिल्ला ज्याच्या हाती, तोच खातेदार! गतवर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने सार्वजनिक संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला व ‘बाहेर पडा’ हे बटण दाबून ती उठली. पान बदलले, वहीतील नोंद मात्र तशीच राहिली. मागाहून बसलेल्या कोणीतरी तिचा खातेक्रमांक बदलून ठेवला. सर्वांनी मुलीलाच बोल लावला.

आम्हांस हे मान्य नाही. पीएचपीमध्ये १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, न हाताळलेली नोंद एरवी केर समजली जाते; पण झाडणारा केव्हा येईल याचा नेम नसतो. तेव्हा निरोपाच्या क्षणीच नोंद नष्ट करणे आणि प्रवेश होताच जुना क्रमांक टाकून नवा देणे, हे प्रोग्रॅम लिहिणाराचे काम. दोन-चार ओळींचे तर आहे! त्या कोणी लिहिल्या नाहीत, आणि आमच्या मुलीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली.