तांडेल म्हणजे कोण रे भाऊ?

मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी आमचा ग्रुप जमतो. परवा एक मित्र मोबाइलवर मर्चंट नेव्हीच्या कोर्सचा फॉर्म भरत होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी गडी अडला. बाबा मच्छीमार बोटीवर तांडेल. ''तांडेल काय लिहू गो? बिझनेस टाकतो,'' म्हणाला. आम्ही हसलो. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना.

मग शब्द शोधायला बसले. यूल आणि बर्नेल या दोन साहेबांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश १८८६ मध्ये आला. हिंदुस्थानातून इंग्रजीत शिरलेले शब्द त्यात आहेत. आपला तांडेल तिथे 'टिंडल' होऊन बसलाय! त्याच्या वरचा 'सेरंग', म्हणजे आपला सारंग. मूळ फारसी 'सरहंग', अर्थ सेनानायक. आणि या दोघांच्या हाताखालचे ते 'लास्कर'. हा शब्द फारसी 'लश्कर'वरून, पोर्तुगिजांमार्फत इंग्रजीत गेला. म्हणजे आपण आर्मीला जे लष्कर म्हणतो, त्याच शब्दाचा तिकडे बोटीवरचा हिंदी खलाशी झाला.

शब्द घसरला कसा? आगबोटींवर लास्करांचे करार वेगळे असायचे. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, राहायची जागाही कमी. कोकणातली कितीतरी माणसं मुंबईहून अशीच बोटीवर चढली. शब्द हलका नव्हता, पगार हलका होता. पण शिक्का बसला तो शब्दावर.

आणि आज तोच शिक्का आपण मारतोय. 'सेलर' म्हटलं की भारी, 'खलाशी' म्हटलं की कसंतरीच. गंमत म्हणजे 'कॅप्टन' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ डोकं. 'सरहंग'मधल्या 'सर'चा अर्थही डोकंच. मग कॅप्टनला सॅल्यूट आणि सारंगाला नाक मुरडायचं, हे कुठलं लॉजिक?

कुणी म्हणेल, नावात काय आहे, कामाशी मतलब. मान्य. पण मग बापाचं काम लिहिताना हात का अडतो? वारा बघून बोट कधी काढायची, जाळं कुठे टाकायचं, सगळ्यांना सुखरूप बंदरात कसं आणायचं, हे ठरवणारा माणूस 'बिझनेस' या एका शब्दात गायब होतो.

त्यामुळे मित्रा, फॉर्ममध्ये बिनधास्त 'तांडेल' लिही. समोरच्याला कळलं नाही, तर विचारू दे की. सांगायला आपण आहोतच!