बाजाराने साथ दिली तरच जमीन टिकेल

वाढत्या लोकसंख्येला पोटभर अन्न कसे मिळणार, हा प्रश्न निघाला की आपला व्यापारी म्हणतो, "हा शेतकऱ्यांचा आणि सरकारचा विषय. आपण माल आला की घेणारे आणि गिऱ्हाईक आले की विकणारे." हे म्हणणे अर्धेच खरे आहे. काय पेरायचे हे शेतकरी आभाळाकडे पाहून ठरवतो, तितकेच बाजाराकडे पाहूनही ठरवतो. आणि बाजार म्हणजे दुसरे कोणी नव्हे, आपणच.

१९५१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती. २०११ मध्ये ती १२१ कोटी झाली आणि २०२३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, भारताने चीनलाही मागे टाकले. पेरणीखालची जमीन मात्र गेली पन्नास वर्षे १४ कोटी हेक्टरच्या आसपासच आहे. सुधारित बियाणे, रासायनिक खत आणि विहिरीचे पाणी यांच्या जोरावर देशाने उपासमार टाळली, हे मान्य केलेच पाहिजे. पण जमिनीचा कस आणि जमिनीखालचे पाणी हे भांडवल आहे. भांडवल मोडून खाणारे दुकान काही वर्षे थाटात चालते. पुढे त्याचे काय होते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

लातूरचे उदाहरण घ्या. तुरीची मोठी बाजारपेठ आणि डाळ गिरण्यांचे गाव म्हणून लातूरचा लौकिक आहे. याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पाऊस कमी झाला हे खरेच, पण ज्या मांजरा खोऱ्यात पाण्याची ही अवस्था, तेथेच उसाचे मळे उभे राहिले. राज्याच्या पेरणी क्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के, पण ओलिताचे निम्म्याहून अधिक पाणी तो एकटा पितो. तूर मात्र बहुतेक पावसाच्याच पाण्यावर येते. तिचे मूळ खोल जाते, मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र जमिनीला देतात आणि गळलेल्या पाल्याचे खत होते. तुरीचा बिवड चांगला, हे जुन्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. सोयाबीन किंवा ज्वारीत तुरीचे आंतरपीक घेतले तर एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते, आणि पुढच्या पिकाचा युरियाचा खर्चही थोडा कमी होतो.

मग शेतकरी उसाकडे का वळतो? कारण सरळ आहे. उसाचा दर हंगामाआधी ठरतो आणि कारखाना तो नेतो. पैसे उशिरा मिळतात, पण किती मिळणार ते माहीत असते. तुरीचे तसे नाही. २०१५ मध्ये तूरडाळ अनेक शहरांत दोनशे रुपये किलोच्या घरात गेली. तो भाव पाहून २०१६ च्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली, पीकही उत्तम आले आणि भाव ५,०५० रुपये क्विंटलच्या हमीभावाखाली कोसळला. सरकारी खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. त्यात सरकारचे धोरण कधी आयात रोखण्याचे, कधी ती खुली करण्याचे. असा मार खाल्लेला शेतकरी पुन्हा तूर पेरताना दहा वेळा विचार करणारच. तोटा मात्र आपल्या गिरण्यांनाही आहे. गावची तूर कमी पडली की म्यानमार, मोझांबिक, टांझानियाच्या मालाची वाट पाहावी लागते.

काही मंडळी म्हणतात, रासायनिक खत एकदम बंद करा, सारे ठीक होईल. श्रीलंकेने २०२१ मध्ये तेच केले. भाताचे उत्पादन घटले, चहालाही फटका बसला आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणून घाई नको. खत मापात, पाणी मापात, पिकांची फेरपालट आणि शेणखत, पेंड यांची जोड, हा धीम्या पण पक्क्या रस्त्याचा मार्ग आहे.

या रस्त्यावर आपल्याला पुष्कळ काही करता येईल. धान्याच्या व्यापाऱ्यांनी प्रतवारीनुसार भाव द्यावा. वाळलेल्या, स्वच्छ मालाला आणि ओलसर, डागी मालाला एकच भाव आणि वर सरसकट कडता, असे झाले तर चांगला माल पिकवण्याची हौस कोणाला राहील? पाच-दहा गिरणीवाल्यांनी एकत्र येऊन पेरणीपूर्वीच ठराविक मालाचा किमान भाव लेखी दिला, तर शेतकऱ्याला उसाइतकी नाही तरी बरीच शाश्वती मिळेल. गोदामात माल ठेवून पावतीवर कर्ज मिळते, ही माहिती आपल्या अडतीवरच शेतकऱ्याला मिळाली पाहिजे. त्यात एक हंगामाची अडत उशिरा मिळेल, पण गिऱ्हाईक कायमचे बांधले जाईल.

कारागिरांसाठी तर हे नवे दालन आहे. सोयाबीन-तुरीच्या पेरणीला रुंद सरी-वरंब्याचे यंत्र लागते. त्याची दुरुस्ती आणि त्यात गावच्या जमिनीप्रमाणे फेरबदल, हे आपल्या वेल्डिंगवाल्यांच्या हातचे काम आहे. ठिबकचे फिल्टर, पंप, मोटार यांची दुरुस्ती वेळेवर झाली नाही की शेतकरी ठिबक गुंडाळून पुन्हा पाटाने पाणी सोडतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी डाळ मिल गावातच चालवता येते. गिरणीत शंभर किलो तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. उरलेली चुनी जनावरांना जाते. यंत्र नीट बसवून हा उतारा दोन-तीन किलोंनी वाढवणारा मिस्त्री एक एकरही न पेरता देशाच्या डाळीत भर घालतो. साठवणीत भुंगा लागू न देणारा दुकानदारही तेच करतो.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, येत्या खरिपापूर्वी आपापल्या बाजारपेठेत एकदा एकत्र बसा. कोणता माल, कोणत्या प्रतीचा, किमान किती भावाने घेणार, हे ठरवा आणि शेतकऱ्यांना बोलावून सांगा. जमीन थकली तर सर्वांत आधी शेतकरी बसेल हे खरे. पण त्याच्या मागोमाग रिकामा होणारा काटा आपलाच असेल.