बैल तेच, चाक नवे

१/४ नव्या विद्युत मोटारीत वाढीव शक्तीवर पैसा घालावा की चाकांवर? इतिहासाचा कौल चाकांना आहे.

२/४ १८९९ साली पॅरिसजवळ कामीय जेनात्झीने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथमच ओलांडली, तीही विजेच्या मोटारीतून. तिला मिशलँचे हवेचे टायर होते.

३/४ परभणीजवळच्या पेडगावची माती काळी. पावसाळ्यात लोखंडी धावेचे लाकडी चाक अशा मातीत रुतून बसे. मराठवाड्यात बैलगाडीला रबरी टायर आले, तेव्हा त्याच बैलजोडीला अधिक ओझे पेलू लागले.

४/४ मात्र मोठ्या, झगमगत्या रिमला भुलू नये. तिने बहुधा पल्ला घटतो आणि खड्ड्याचा दणका थेट बसतो. पेडगावच्या वाटेला लहान रिम व जाड टायरच शोभतो. तो साधल्यावर उरलेला पैसा खुशाल शक्तीवर खर्चावा.