रस्ता केला कोणी?

दिवाळी अंकांतून आणि परदेशस्थ मराठी मंडळांच्या स्मरणिकांतून ऑस्ट्रेलियातील ‘ग्रेट ओशन रोड’विषयी जे प्रवासलेख प्रसिद्ध होतात, त्यांचा साचा आता इतका पक्का झाला आहे की लेखकाचे नाव झाकले तर एकाचा लेख दुसऱ्याच्या नावावर सहज खपावा. मुलगा किंवा मुलगी मेलबर्नला स्थायिक. आईवडील तीन महिन्यांचे पाहुणे. पहाटे निघालेली गाडी, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. डाव्या हाताला अथांग समुद्र, निलगिरीच्या फांदीवर झोपलेला कोआला, ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ नावाच्या सुळक्यांसमोरचा सूर्यास्त. आणि शेवटी ‘आपल्या कोकणात हे सारे असूनही...’ हा ठरलेला उसासा. साचा असणे हा आमच्या मते गुन्हा नव्हे. साचा ओवीलाही असतो. आमची तक्रार वेगळीच आहे. रस्त्यावरच्या या लेखांत रस्ताच नसतो, असे आमचे म्हणणे आहे.

विधान अतिशयोक्त वाटत असेल तर वाचकांनी या लेखांतील क्रियापदे तपासून पाहावीत. रस्ता वळणे घेतो, कड्याला बिलगतो, समुद्राशी लपंडाव खेळतो, डोंगराच्या कुशीत शिरतो. सारे काही रस्ता स्वतःच करतो. तो कोणी तरी केला, ही गोष्ट मात्र एकाही क्रियापदात उतरत नाही. चेतनगुणोक्ती हा अलंकार आपण शाळेत शिकवतो तो सौंदर्याचे साधन म्हणून. त्याच्या आड माणसे नाहीशी करता येतात, हे शिकवायचे राहून जाते.

हे आम्ही काठावर बसून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयताही त्याच रस्त्याने गेलो आणि करकंबला परतल्यावर तसाच एक लेख लिहिला. तो एका दिवाळी अंकात छापूनही आला. त्या आनंदात शेजारच्या मावशींना आम्ही फोनमधली छायाचित्रे दाखवत होतो. कडा कापून काढलेल्या एका वळणावर त्यांनी बोट ठेवले. “गुरुजी, ह्यो डोंगर फोडल्याला दिसतोय. कुनी केला ह्यो रस्ता?” आम्ही म्हणालो, “तिथल्या सरकारनं केला असेल, मावशी.” त्या हसल्या. “सरकार कवा खडी फोडतंय व्हय?”

मावशींना हा प्रश्न का सुचला, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात याच पंचक्रोशीतील एका रस्त्याच्या कामावर त्या खडी फोडत होत्या. तेव्हा सोलापूर जिल्ह्यात माणसे हजारोंनी दुष्काळी कामांवर होती. त्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव अशी ती कामे. कामावर सुकडी वाटली जाई. त्याच सुमारास सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला, आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला तिच्याच अनुभवाचा आधार मिळाला. आम्ही जे कड्याचे रौद्र सौंदर्य म्हणून पाहिले, ते मावशींनी काम म्हणून ओळखले. आमच्यापेक्षा त्यांनी ते छायाचित्र अधिक नीट वाचले, याची आम्हांस लाज वाटली, आणि मग आम्ही उत्तर शोधू लागलो.

ते शोधायला दूर जावे लागले नाही. ईस्टर्न व्ह्यू येथील ज्या लाकडी कमानीखाली उभे राहून आम्ही हसरे छायाचित्र काढून घेतले होते, ती कमानच त्या उत्तराचे स्मारक होती. पहिल्या महायुद्धात सुमारे साठ हजार ऑस्ट्रेलियन सैनिक मारले गेले. जे परतले त्यांच्या हातांना काम हवे होते. १९१९ च्या सप्टेंबरात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर रस्त्याचे काम सुरू झाले ते याच परतलेल्या सैनिकांच्या हातांनी. सुमारे तीन हजार सैनिक त्यावर खपले. तंबूत राहायचे, कुदळ, फावडे, सुरुंग आणि हातगाड्या यांनी कडा कापायचा, आणि आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग घ्यायचे. १९२२ साली लॉर्नपर्यंतचा टप्पा खुला झाला, १९३२ साली रस्ता अपोलो बेपर्यंत पोचला. १९३६ साली तो राज्य सरकारच्या ताब्यात जाईपर्यंत वाहनांना टोल भरावा लागे. आज टॉर्केपासून ॲलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटरचा हा मार्ग मृत सैनिकांचे स्मारक म्हणूनच ओळखला जातो. आम्ही एका स्मारकावरून दिवसभर गाडीने गेलो आणि घरी येऊन लाटांविषयी लिहिले.

आणि हा रस्ता ज्या जमिनीवरून जातो, ती? केप ऑटवेचा परिसर गादुबानुद लोकांचा. १८४६ साली आपला एक माणूस मारला गेल्याच्या सुडापोटी एका सर्वेक्षकाच्या तुकडीने ब्लँकेट बे येथे गादुबानुद माणसांवर हल्ला करून अनेकांना ठार केले. रस्ता संपतो तेथून पश्चिमेला थोड्या अंतरावर गुंडिटजमारा लोकांचे बज बिम आहे. ईल मासे वळवून साठवण्यासाठी ज्वालामुखीच्या दगडांत त्यांनी काढलेले चर आणि बांध किमान ६,६०० वर्षांपूर्वीचे मानले जातात. २०१९ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. आमच्या वाचनात आलेल्या मराठी लेखांत १८७८ साली बुडालेल्या ‘लॉक आर्ड’ जहाजाची कथा हटकून येते. चोपन्नांपैकी दोघेच वाचले, एक तरुण आणि एक तरुणी. कथा आहेच तशी चटका लावणारी. पण ती येते, कारण तिचा फलक वाहनतळाशेजारी आहे. गादुबानुदांसाठी गाडी थांबवावी लागत नाही, म्हणून ते लेखात येत नाहीत. आपले प्रवासलेखन फलकांच्या आज्ञेत चालते, एवढाच याचा अर्थ.

यावर येणारा पहिला आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. प्रवासवर्णन हा ललित प्रकार आहे, त्यावर इतिहास-भूगोलाचे ओझे कशाला? आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच भाषेची परंपरा पाहावी. घरावरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. पैसा कोठून येतो, कोठे जातो, वाटेवर कोणाची सत्ता आहे, यावरून गोडसे भटजींची नजर कधी हटत नाही. म्हणूनच ते पुस्तक जिवंत आहे. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या शीर्षकात ‘प्रवासवृत्ता’च्या आधी ‘लोकस्थिती’ घातली. त्या देशाचे मोकळेपणाने कौतुक करणाऱ्या रमाबाई तेथील मूळ रहिवाशांवरचा अन्यायही लिहून ठेवतात. त्याही पाहुण्याच होत्या. इरावती कर्वे ‘वाटचाल’मध्ये वारीबरोबर चालतात तेव्हा एकाच पालखीतल्या दिंड्या जातीजातीने वेगळ्या जेवतात हे त्यांना सलते, आणि तो सल हाच त्या लेखाचा गाभा होतो. दि. बा. मोकाशींच्या ‘पालखी’त (१९६४) धूळ, थकवा, गर्दी आणि शंका सारे आहे. यांतल्या कोणाचे लेखन ललित नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? रस्ता म्हणजे माणसांचा परस्परसंबंध, हे मराठी गद्याला पूर्वीपासून कळलेले आहे. आषाढी वारीत त्र्यंबकेश्वराहून येणारी निवृत्तिनाथांची पालखी आमच्या करकंबला मुक्काम करते. रस्ता नुसता पाहायचा नसतो, हे ज्ञान आमच्या दारावरून दरवर्षी चालत जाते. विमानात बसताना आम्हीच ते घरी ठेवून गेलो.

दुसरा आक्षेप सौजन्याचा आहे. आपण पाहुणे, यजमानाच्या घरातल्या जुन्या जखमा कशाला उकराव्यात? पण त्या देशात आता सभासमारंभांच्या आरंभी त्या जमिनीच्या मूळ लोकांचा उल्लेख करण्याची रीत आहे. यजमान जे स्वतः बोलतो, ते पाहुण्याने ऐकूच नये, हे कसले सौजन्य? आणि आमच्या भागात तर अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, “पाव्हणं, गाव कंचं?” हा प्रश्न येथे उद्धटपणाचा मानत नाहीत. तो न विचारणे हाच परकेपणा मानतात.

आता त्या कोकणाच्या उशाशाविषयी. ‘तेथे पाहा, नाहीतर आपल्याकडे’ ही तुलना रस्त्याच्या गुळगुळीतपणाची आणि शौचालयांच्या स्वच्छतेची असते. ती खोटी नाही, पण उथळ आहे. खरी तुलना अशी की तेथे रस्ता करणाऱ्यांची आठवण कमानीवर आहे, आणि त्या जमिनीच्या मूळ माणसांची आठवण उशिरा व अपुरी. आपल्याकडे दुष्काळात रस्ते करणाऱ्यांची आठवण अंगठ्यावरच्या घावापलीकडे फारशी कोठे नाही. ही तुलना केली तर उसासा टाकून सुटका होत नाही. ती दोन्हीकडे बोट दाखवते, आणि लिहिणाऱ्याकडेही.

या दोषाचा मोठा वाटा आम्हां शिक्षकांचा आहे. प्रवासवर्णन शिकवताना आपण निसर्गवर्णन, विनोद, व्यक्तिचित्रे आणि शैली असे चार खण पाडतो, प्रश्नपत्रिकेत ‘लेखकाच्या सौंदर्यदृष्टीचे विशेष सांगा’ असे विचारतो आणि गुण देतो. लेखकाने काय पाहिले नाही, हे आपण विचारतच नाही. ज्या विद्यार्थिनीची आजी खडी फोडत होती, ती त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापेक्षा चांगले लिहील. पण तिच्या घरचे ते ज्ञान साहित्याच्या तासाला उपयोगी पडते, हे तिला आपण कधी सांगितलेले नसते. उलट तिने तेही विसरून लपंडाव खेळणारा रस्ता लिहावा, अशीच तिची तयारी आपण करून घेतो. आम्हांस सर्वांत जास्त बोचते ते हे.

आमच्या लेखातले एक वाक्य आता आम्हीच खोडले आहे: ‘मग रस्ता हलकेच डोंगराच्या कुशीत शिरला.’ त्या जागी तंबूतले सैनिक, कुदळी आणि शिलिंग लिहिले. वाक्याची लय थोडी मोडली, हे मान्य. नंतर ते सारे मावशींना सांगितले. लढाईवरून आलेल्या सैनिकांनी हा रस्ता केला हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारले, “हजेरी येळंवर मिळायची का त्यांस्नी?”

प्रवासलेख लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने टेबलाशेजारी मावशी बसल्या आहेत असे समजून लिहावे, एवढेच आमचे मागणे आहे.