स्प्रिंग कोणी खोलायची?

गाडीच्या पुढच्या चाकातून खडखड ऐकू आली की आमच्यासारखे डिग्रीवाले दोनपैकी एक गोष्ट करतात. व्हिडिओ बघून स्वतःच पाना हातात घेतात, नाहीतर मिस्त्रीकडे जाऊन आधी विचारतात, "किती घेणार?" काय बिघडलंय, हा प्रश्न दोघांच्याही आधी यायला हवा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. राहतो अमरावतीत, सासुरवाडी अकोल्यात, त्यामुळे महिन्याला दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या. याच मार्गावर लोणी ते माना दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. पण गाडी फक्त हायवेवर चालत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा आतला रस्ता लाटांसारखा होतो. त्यात गल्लोगल्लीचे गतिरोधक. बुश, लिंक रॉड आणि शॉकअप यांचा जीव तिथे जातो.

तपासणी तर स्वतःच करावी, त्याला पैसे लागत नाहीत. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप थकला. शॉकअपवर तेल ओघळलंय का, टायर ठिकठिकाणी झिजलाय का, तेही बघा. लिंक रॉड बदलणं दोन नटांचं काम आहे, ते मी अंगणात करतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचा शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असतो. जॅकखेरीज भक्कम स्टँड असेल आणि मागचा बीम खालून आधार देऊन धरला असेल, तर तोही जमतो. बदलायचे मात्र दोन्ही बाजूंचे.

पुढची गोष्ट वेगळी. तिथे शॉकअपभोवतीच स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिला वरचा एक नट धरून ठेवतो. कंप्रेसर न लावता तो नट खोलला तर स्प्रिंग तोंडावर येते. माणसं मेली आहेत यात. आमच्या कोडमध्ये चूक झाली तर मागे जाता येतं, इथे तशी सोय नाही. हे काम मिस्त्रीचंच, आणि त्यानंतर अलाइनमेंटही करून घ्यायची.

स्वतः करण्याचा आग्रह बहुतेक अमेरिकी व्हिडिओंतून येतो. तिथे गॅरेजची मजुरी अनेक ठिकाणी तासाला शंभर डॉलरच्या वर आहे, म्हणून लोक स्वतः गाडीखाली झोपतात. आपल्याकडे हिशेब उलटा: मजुरी इतकी कमी की विचारच नको. ती एवढी कमी का, हे मात्र आपण विचारत नाही. २००६ च्या सच्चर अहवालात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत एकवटलेले दिसतात, त्यांत वाहनदुरुस्ती आहे. म्हणजे ज्याच्याशी आपण शे-दोनशेसाठी घासाघीस करतो, तो बहुतेकदा आपल्याच मोहल्ल्यातला, कुणाचा तरी चाचा किंवा मामू असतो. सुट्या भागांचं बिल आपण गुपचूप भरतो, हाताच्या कामाचे पैसे मात्र कापतो. आणि लग्नाच्या बोलणीत "मुलगा गॅरेजमध्ये आहे" हे वाक्य हळू आवाजात बोललं जातं.

लोअर आर्मचा बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. हवेत लटकत्या चाकावर कसला तर बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. शाळा सुटलेल्या एका उस्तादांनी सांगितलं, तेही दुसरं काम करता करता.

त्याच गॅरेजात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. नुसत्या जॅकवर उभी गाडी आणि तिच्याखाली शिकाऊ पोरगा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला असं नोकरीला ठेवणं कायद्याने बंद आहे. "काम शिकतोय" म्हणून आपण नजर फिरवतो. स्वस्त मजुरीत त्या पोराची शाळाही कापली गेलेली असते.

म्हणून मी हल्ली उस्तादांना दोनच गोष्टी म्हणतो. गाडीखाली स्टँड लावा, वेळ लागला तरी चालेल. आणि छोटूला खाली पाठवू नका, तुम्हीच बघा. मजुरी तुमच्या हाताची लावा. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्या वेळी मी पोहोचण्याआधीच स्टँड बाहेर काढून ठेवले होते.